पार्सलचा ताळमेळ



मागच्या महिन्यात निम्म्या घरांत एकच तक्रार ऐकली. कोणाची चातुर्मासाची पुस्तके अडकली, कोणाच्या सुनेने पाठवलेली साडी ‘पोहोचली’ असे फोन सांगतो पण साडी काही दिसत नाही, कोणाला ‘तुमचे पार्सल थांबले आहे, इथे बोट लावा’ असा निरोप आला. आपल्या वयाच्या बायका अशा वेळी मुलाला फोन करतात. मुलगा मीटिंगमध्ये असतो. मग दिवसभर जीव टांगणीला. म्हणून आज पाककृती बाजूला ठेवून पार्सलचा माग कसा काढायचा आणि तो चुकला तर काय करायचे, हे लिहिते आहे.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षे उलटली. नोकरी केली नाही, पण त्या शिक्षणातली एक गोष्ट संसारात रोज उपयोगी पडली, ती म्हणजे बँकेचा ताळमेळ. आपल्या रोकडवहीत एक शिल्लक दिसते, बँकेच्या पासबुकात दुसरी. दोन्ही वह्या खऱ्या असतात, फक्त मधली एखादी नोंद एका वहीत पोहोचलेली नसते. ती शोधायची, झाले. पार्सलचेही तसेच आहे. फोनवर दिसते ते त्यांचे पासबुक, आपल्या दारात काय आले ती आपली रोकडवही. दोन्ही जुळत नसतील तर घाबरायचे नाही, मधली नोंद शोधायची.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. ट्रॅकिंग पार्सल दाखवत नाही, शेवटची नोंद दाखवते. प्रत्येक टप्प्यावर पार्सलवरच्या काळ्या रेघा यंत्राने वाचल्या जातात आणि ती वेळ नोंदली जाते. दोन वाचनांच्या मध्ये पार्सल गाडीत असो, गोणीत असो की कोपऱ्यात पडलेले असो, फोनवर जुनेच गाव दिसत राहते. दोन दिवस एकच गाव दिसले म्हणजे पार्सल हरवले असे नव्हे. पुढच्या ठिकाणी ते अजून वाचले गेलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या मांडव्याला तर हे सतत अनुभवायला मिळते. जेटीवर उभे राहिले की पलीकडे मुंबई दिसते. गेटवेची लाँच तासाभरात पोहोचवते. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली, तिच्यातून मोटारीही येतात. पण माझी पार्सले मात्र पनवेल, पेण, अलिबाग असा सगळा खाडीचा वळसा घालून येतात. माणूस मुंबईहून जेवायच्या आत येतो आणि पुस्तकाला चार दिवस लागतात, याचे नवल वाटायचे. आता वाटत नाही.

आता नंबराकडे वळू. पोस्टाच्या पावतीवर तेरा खुणा असतात. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरे, मध्ये नऊ आकडे, शेवटी दोन अक्षरे. आपल्या देशातून निघालेल्या टपालाला शेवटी ‘आयएन’. परदेशातून आले तर तिथल्या देशाची अक्षरे. ही रीत जागतिक टपाल संघाची आहे. तो संघ १८७४ साली स्थापन झाला आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये त्याचे कार्यालय आहे. पहिले अक्षर ‘ई’ असेल तर स्पीड पोस्ट, ‘आर’ असेल तर रजिस्टर, ‘सी’ असेल तर पार्सल. आपल्या तरुणपणीचे रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा आता नव्या पावतीवर जुना ‘आर’ शोधत बसू नका.

या रचनेचा एक मोठा फायदा आहे. मधल्या नऊ जागी आकडेच असतात. त्यामुळे मध्ये दिसणारा गोल हा शून्यच असणार, इंग्रजी ‘ओ’ नाही. मधली उभी रेघ म्हणजे एकच, ‘आय’ नाही. ‘नंबर सापडत नाही’ असे आले की आधी हे तपासा. पावतीचा फोटो पाठवणाऱ्याकडून मागून घ्या. तोंडी सांगितलेल्या नंबरात आकडे पुढेमागे होतातच.

हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. नऊ आकड्यांपैकी शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. पहिल्या आठ आकड्यांना डावीकडून अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचे, बेरीज करायची, तिला ११ ने भागायचे आणि बाकी ११ मधून वजा करायची. समजा आठ आकडे १२३४५६७८ आहेत. गुणाकारांची बेरीज येते २०४. अकरा अठरे १९८, बाकी ६. अकरातून सहा गेले, उरले ५. म्हणजे नववा आकडा ५ हवा. उत्तर १० आले तर ० धरतात आणि ११ आले तर ५. नववा आकडा जुळला नाही तर समजायचे की नंबर उतरवण्यातच चूक झाली आहे, पार्सलाचा काही दोष नाही. आमच्या नातवाला हे दाखवले तर तो अर्धा तास घरातल्या सगळ्या जुन्या पावत्या तपासत बसला.

नंबर बरोबर आहे तरी काही दिसत नसेल, तर बुकिंग कधी झाले ते विचारा. दुपारी दिलेल्या पाकिटाची नोंद संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी दिसू शकते. मंदिरात नारळ ठेवून लगेच फळ मागण्यासारखे करू नका.

मग येतो पत्ता, आणि त्यात पिन कोड. हा पिन कोड एका मराठी माणसाने देशाला दिला हे किती जणींना ठाऊक आहे? श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ पासून ही पद्धत सुरू झाली. कारण साधे होते. एकाच नावाची गावे देशभर पसरलेली आणि पत्ते निरनिराळ्या भाषांत लिहिलेले. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. आपल्या महाराष्ट्राचा आकडा ४. गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही त्याच आकड्यात येतात.

आमच्या गावाला तर पिन कोडाशिवाय गतीच नाही. ‘अग्निपथ’ सिनेमामुळे मांडव्याचे नाव देशभर झाले खरे, पण पत्त्यावर ते इंग्रजीत घाईघाईने लिहिले की ‘मांडवी’ वाचले जाते. मांडवी मुंबईत आहे, पिन ४००००३. मांडवी कच्छमध्ये आहे, पिन ३७०४६५. कच्छी जैन समाजाच्या मैत्रिणींचे तर दोन्हीकडे नातेवाईक. आमच्या अलिबागचा पिन ४०२२०१. आकडे नीट असतील तर नाव थोडे चुकले तरी पार्सल जिल्ह्यात येते. आकडेच चुकले तर नाव कितीही सुवाच्य लिहा, ते कच्छच्या समुद्रकिनारी फिरून येणार. म्हणून ट्रॅकिंगमध्ये अनोळखी गाव दिसले की पहिल्यांदा पाठवणाऱ्याच्या पावतीवरचा पिन वाचा.

खेड्यात राहणाऱ्यांसाठी टपाल खात्याने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ आणला आहे. दहा अक्षर-आकड्यांचा हा संकेत साधारण चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो, म्हणजे जवळजवळ आपले दारच. ‘देवळामागे, विहिरीजवळ, आंब्याच्या झाडासमोर’ असा पत्ता असणाऱ्या आमच्यासारख्यांनी तो काढून ठेवावा. पिन कोड मात्र लिहायचाच, डिजिपिन त्याच्या जागी नाही, सोबतीला आहे.

आता सगळ्यात जीव खाणारी नोंद, ‘डिलिव्हर्ड’. फोन म्हणतो मिळाले, हात म्हणतात नाही.

मागच्या आषाढात हे माझ्या बाबतीत झाले. माझे माहेर सांगलीकडचे. आई जाऊन वर्ष होत आले होते. आईची एक वही होती, जाड पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर कुंकवाने काढलेला स्वस्तिक. तिच्यात तिने केलेल्या व्रतांच्या नोंदी, अष्टमी-चतुर्दशीचे उपवास, सांडग्या-पापडांची प्रमाणे, आम्हा भावंडांच्या जन्मवेळा, सगळे एकत्र. शेवटची पाच-सहा पाने थरथरत्या अक्षरातली. धाकट्या भावाने ती एका खासगी कुरिअरने पाठवली. नाव घेत नाही. गुरुवारी दुपारी पावणेदोनला फोनवर आले, ‘डिलिव्हर्ड’. मी घरीच होते, दार उघडे, पाऊस धो धो. कोणी आले नव्हते.

पैशाची वस्तू असती तर भरपाई मागता आली असती. या वहीची भरपाई कोण देणार? भाऊ फोनवर रडवेला झाला. म्हणाला, “आक्का, मी स्वतः घेऊन यायला पाहिजे होते.” मी म्हटले, आधी नोंदी जुळवू, मग रडू.

केले ते सांगते, कारण तेच तुम्हालाही करायचे आहे. फोनवरच्या त्या नोंदीचा फोटो काढून ठेवला, तारीख-वेळेसकट, कारण नोंदी नंतर बदलू शकतात. भावाकडून पावतीचा फोटो मागवला आणि नंबर, पिन, मोबाइल एकेक आकडा ताडून पाहिला. सगळे बरोबर होते. मग घरातल्यांना, शेजारच्या दोन्ही घरांत, वाण्याच्या दुकानात आणि जेटीच्या रस्त्यावरच्या चहावाल्याकडे विचारले. बहुतेक वेळा गोष्ट इथेच सापडते. माझी सापडली नाही.

कंपनीच्या नंबरावर फोन केला तर आधी यंत्राने सांगितले की पार्सल पोहोचले आहे, मग माणसानेही तेच सांगितले. तेव्हा भावाला म्हटले, तक्रार तू कर. हे महत्त्वाचे आहे. पैसे पाठवणाऱ्याने दिलेले असतात, करार त्याच्याशी असतो, त्याच्या शब्दाला आपल्यापेक्षा वजन असते. तक्रार ई-मेलने करायची, म्हणजे कागद राहतो. त्यात हकिकत लिहायची नाही. पार्सलचा नंबर, तारीख, वेळ आणि तीन प्रश्न: कोणाच्या हातात दिले, सही कोणाची आहे, पोहोचवल्याचा फोटो आहे का? मी मजकूर सांगितला, भावाने टाइप केला. कॉलेजात व्यापारी पत्रव्यवहाराचा पेपर होता, तो असा कामी आला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. सही ‘पाटील’ अशी आणि सोबत एक धूसर फोटो. आमचे आडनाव पाटील. सांगलीकडे जैनांत पाटील पुष्कळ, आणि इथे अलिबाग तालुक्यात तर आगरी-कोळ्यांत वाटेल तिकडे पाटील. फोटोत पाकीट एका पायरीवर ठेवलेले, मागे निळे फाटक, त्यावर बोगनवेल. ते फाटक मी रोज फिरायला जाताना पाहते. मुंबईच्या एका कुटुंबाचा बंगला, आणि तिथे राखणीला राहणारे जोडपे पाटील.

शनिवारी सकाळी हे आणि मी छत्री घेऊन गेलो. त्या घरची बाई दारातच म्हणाली, “काकी, ती वही तुमची हाय काय? पाकीट भिजून फाटला व्हता, नंबर पन पुसला. देवाची वाटली म्हनून देवाजवल ठेवली.” तिने ती कोरड्या फडक्यात गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवली होती. पान उलटून पाहिले नव्हते. मालक पावसाळ्यात फारसे येत नाहीत, ते आले की त्यांना विचारायचे, असे तिने ठरवले होते. म्हणजे आम्ही शोधत गेलो नसतो तर वही गणपतीपर्यंत तिथेच राहिली असती, सुरक्षित, आणि आमच्या लेखी हरवलेली.

आपण अचौर्य अणुव्रताच्या गोष्टी प्रवचनात ऐकतो. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सांगितले आहे की कोणी ठेवलेली, पडलेली, विसरलेली, न दिलेली वस्तू घेऊ नये आणि दुसऱ्याला देऊही नये. त्या माउलीने हा ग्रंथ पाहिलाही नसेल. व्रत मात्र पाळले. तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या दारात दुसऱ्याचे पार्सल आले तर ‘काय आहे बघू तरी’ म्हणून फोडू नका. वरचा नंबर वाचून फोन करा. नंबर नसेल तर पोस्टमनला परत द्या. पार्सल फोडून मग परत करणे यात आणि न फोडता देण्यात फरक आहे.

नंतर तोच कुरिअरवाला मुलगा आमच्याकडे दुसरे काही घेऊन आला. आठ दिवसांपूर्वी मनात त्याच्यासाठी बरेच शब्द जमवले होते. तो नखशिखान्त भिजलेला. पाणी दिले, गूळ-शेंगदाणे दिले आणि निळे फाटक व आमचे घर यातला फरक त्याला रस्त्यावर उभे राहून दाखवला. तेव्हापासून तो आधी फोन करतो. उत्तम क्षमा वर्षातून एक दिवस पूजेत म्हणण्यापेक्षा अशा वेळी जास्त लागते, आणि तिचा व्यवहारातही उपयोग होतो.

आता परदेशी पार्सलाविषयी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने लहान पार्सलांवरची करमाफी काढून घेतली आणि आपल्या टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून तिकडचे बहुतेक बुकिंग थांबवावे लागले. १५ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झाले, दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा. कितीतरी आयांच्या चकल्या-शंकरपाळ्या घरातच राहिल्या. मुद्दा असा, की पार्सल हलत नाही त्याला कधी कधी पोस्टही कारण नसते आणि पत्ताही नसतो. आधी बातमी पाहावी, मग तक्रार करावी. परदेशातून येणाऱ्या पार्सलाचा नंबर मात्र दोन्ही देशांच्या टपाल संकेतस्थळांवर टाकून पाहा. एक जण ‘पाठवले’ म्हणतो आणि दुसऱ्याकडे नोंद नाही, तर ते वाटेत किंवा कस्टममध्ये आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे. ‘पत्ता अपुरा असल्याने पार्सल थांबले, चोवीस तासांत दुरुस्त करा’ असा एसएमएस आणि खाली एक लिंक. टपाल खात्याच्या नावाने फिरणारे हे निरोप खोटे असल्याचे सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने स्पष्ट सांगितले आहे. लिंक उघडली की पत्ता मागतात, मग पाच-पंचवीस रुपये, मग कार्डाचा नंबर. याहून वाईट म्हणजे फोन येतो की तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, पोलिसांशी बोला, घरात कोणाला सांगू नका. माझ्या ओळखीच्या एका बाईंना असा फोन आला. त्या एकट्या राहतात. दोन तास त्या फोन कानाला लावून स्वयंपाकघरात बसून होत्या. ज्या बाईने आयुष्यात मुंगी चिरडली नाही, तिला वाटले की आता अटक होणार आणि समाजात तोंड दाखवता येणार नाही. नशिबाने दूधवाला आला आणि दार उघडावे लागले, म्हणून फोन तुटला.

हे पक्के लक्षात ठेवा. फोनवर कोणी अटक करत नाही. ‘कोणाला सांगू नका’ म्हटले की तिथेच समजावे आणि फोन ठेवून पहिल्यांदा घरच्यांना सांगावे. आलेल्या लिंकवर बोट लावायचे नाही, टपाल खात्याचे संकेतस्थळ स्वतः उघडून पावतीवरचा नंबर टाकायचा. टपालाचा निःशुल्क क्रमांक १८०० २६६ ६८६८ आहे. तोही घरातल्या वहीत लिहून ठेवा, गूगलवर शोधलेले नंबर अनेकदा भामट्यांचे असतात. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० ला फोन करा. ओटीपी मागितला तर दारात माणूस उभा असेल, पार्सल आपलेच असल्याची खात्री असेल आणि ते हातात येत असेल, तेव्हाच द्यायचा. फोनवर कोणालाही नाही.

पार्सल पाठवताना एवढे करा. पत्ता वॉटरप्रूफ शाईने लिहून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. पावसाळ्यात आत एक प्लास्टिकची पिशवी हवीच. पार्सलाच्या आत एका चिठ्ठीवर दोन्ही पत्ते आणि फोन लिहून ठेवा, कारण ज्या टपालाचा कोणालाच पत्ता लागत नाही ते पोस्टाच्या परतावा कार्यालयात उघडून आतला पत्ता शोधतात. किमती वस्तूचा विमा उतरवा. जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या टपाल कायद्यातही खात्याची जबाबदारी नियमांत ठरवून दिली आहे तेवढीच आहे. पावती वस्तू पोहोचेपर्यंत नव्हे, त्यानंतरही महिनाभर सांभाळा. आणि ज्या वस्तूला विमा नाही, म्हणजे आईची वही, वडिलांची पत्रे, हस्तलिखित स्तोत्रे, त्यांची पाठवण्याआधी पानापानाचे फोटो काढा.

आईच्या वहीचे फोटो मी आता काढून चारही भावंडांना पाठवले आहेत. तिच्या सांडग्यांच्या प्रमाणात कोहळा किती घालायचा ते पान भिजून पुसट झाले आहे. धाकट्या वहिनीला ते तोंडपाठ आहे. तिला विचारून पुढच्या वेळी इथे लिहीन.